गोवऱ्यांनी मोजलेली भिंत

"खोली गार लागते."

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं की पुढे कुणी तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू यायला लागलं. बाळंतीण यायची, सुखरूप मोकळी व्हायची, पहिला दिवस बरा जायचा आणि दुसऱ्या दिवशी दारात बंडी उभी. अहो, चार-पाच दिवस राहा म्हणून सांगितलं होतं ना? हो, पण खोली गार लागते. भिंत गार हाय बाई, लेकरू काकडते. एवढं बोलून झालं की बैल चालायला लागायचे आणि मी पायरीवर उभी राहून बंडीची मागची बाजू बघायची.

साठ साल उलटून गेलं होतं. उमरखेडहून ढाणकीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक गाव होतं, तिथल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. दवाखाना म्हणजे एकाला एक लागून दोन खोल्या. त्यातली एक फार जुनी, कधीकाळच्या कचेरीची, पांढऱ्या मातीच्या भिंतींची. भिंत एवढी रुंद की खिडकीत मांडी घालून बसता यायचं. तिच्यात औषधांच्या पेट्या आणि हिवतापाच्या फवारणीचे डबे ठेवलेले. दुसरी खोली नवी, विटा-सिमेंटची, खास बाळंतपणासाठी बांधलेली. वरचे कवेलू आणि त्याखालचं फळ्यांचं छत दोन्हींना सारखंच, खोल्याही मापानं सारख्याच. फरक होता तो भिंतींचा. नवी भिंत वीतभर जाडीची, गुळगुळीत, वर पिवळा चुना. गावाला या खोलीचा भारी अभिमान. आल्यागेल्या पाहुण्याला पक्की इमारत म्हणून दाखवायला आणायचे. तिच्यात राहायला मात्र कुणी तयार नव्हतं.

मी केळापूरकडची. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला. वडिलांनी देव्हारा उचलून नदीत सोडला आणि घरी येऊन मला म्हणाले, आता तू शिकायचं. मी शिकले. यवतमाळला राहून नर्सचं शिक्षण पुरं केलं आणि पांढरी साडी नेसून या गावात आले. एसटीतून माझी पेटी उतरायच्या आधी माझी जात उतरून गावभर फिरून आली होती.

आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक सोयीचा नियम होता. नाळ कापायला आमच्या बायकांचे हात चालायचे. त्याच हातांनी दिलेलं पाणी चालायचं नाही. बाळंतपण विटाळाचं, म्हणून ते आमच्याकडे. पाणी सोवळ्याचं, म्हणून ते त्यांच्याकडे. आम्ही धम्म घेतला, आम्ही बदललो, पण गावचा नियम जागचा हलला नाही. मी शिकलेली नर्स असले तरी प्रत्येक बाळंतिणीबरोबर घरून पाण्याचा पितळी गुंड यायचाच. कोपऱ्यातला माझा माठ रोज सकाळी भरलेला आणि रोज संध्याकाळी तसाच. गुंड साधारण दुसऱ्या दिवशी रिकामा व्हायचा, आणि नेमकी त्याच दिवशी खोली गार लागायची.

आता सांगा, मी काय समजायचं?

दवाखान्यात माझ्याबरोबर एक आया होती. पिंजाऱ्याच्या घरची, वयानं माझ्या आईएवढी, नवरा गेलेला. सगळे तिला चाची म्हणायचे. ती माझ्या माठातलं पाणी प्यायची आणि माझ्या ताटात हातही घालायची. तिला मी विचारलं, "चाची, खरं सांग. खोली गार आहे की मी?"

ती म्हणाली, "बेटी, दोघीइले हात लावून पाह्यला म्या. तू तं तव्यावानी तापली हाय."

मी तापले होते हे खरंच होतं. कारण नुकतंच एक मूल गेलं होतं.

मळ्यात राहणाऱ्या एका चांगल्या शेतकरी घराची सून पहिल्या बाळंतपणाला आली होती. सासू बरोबर. ही सासू म्हणजे उंच, कणखर, फटकळ बाई. गड्यांना कामाला लावावं तसं ती मलाही कामाला लावायची. सून अगदी अबोल. मुलगा झाला, वजनानं जरा कमी, पण रडला चांगला खणखणीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गुंड संपला. पोरीचे ओठ सुकले होते. ती माझ्या माठाकडे बघत होती, हे मी पाहिलं आणि सासूनंही पाहिलं. सासू म्हणाली, "घरी जाऊन पी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भिंत गार हाय बाई. आमी नेतो."

मी हात जोडले. मूल लहान आहे, वारा सुटला आहे, निदान उद्या ऊन वर आल्यावर न्या म्हटलं. ऐकलं नाही. मळा लांब होता आणि उत्तरेचा वारा नुसता कापत होता. ते पोर वाटेतच गारठलं. तिसऱ्या दिवशी गेलं, असं मला चाचीनं सांगितलं. मी त्याला या दोन हातांनी बाहेर आणलं होतं. मी रडले, आणि रडून झाल्यावर मला इतका राग आला की त्या पिवळ्या भिंतीवर मी मूठ मारली. माझाच हात दुखला.

डॉक्टर आठवड्यातून एकदा मोठ्या दवाखान्यातून यायचे. तरुण होते, मनानं चांगले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, थंडी त्या भिंतीत नाही, या लोकांच्या मनात आहे. एवढी पक्की इमारत. त्यांना बहाणा पाहिजे असतो." मग जरा थांबून म्हणाले, "आणि खाटा अशा रिकाम्या राहणार असतील तर मला वर कळवावं लागेल. या खोलीत फवारणीचं सामान ठेवू. तुमची बदली तालुक्याला होईल, तुमच्याही दृष्टीनं बरंच."

माझ्या दृष्टीनं बरं म्हणजे काय, ते मला नीट कळलं. म्हणजे त्यांनाही तोच संशय होता जो मला होता. गार भिंत नाही, गार मी. मी म्हटलं, "पुढचा हिवाळा संपेपर्यंत थांबा. तोवर मी शोधून काढते."

"काय शोधून काढता?"

"भिंत खरं बोलते की बायका."

ते हसले, पण थांबायला कबूल झाले. जाताना मी त्यांच्याकडून भिंतीवर टांगायचा थर्मामीटर मागून घेतला. ताप मोजायचा माझ्याकडे होता, पण त्याचा पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. खोलीची थंडी मोजायला तो कुचकामी.

मनाशी मी पक्कं ठरवलं होतं. भिंत दोषी निघाली तर भिंत सुधारायची, कशीही सुधारायची. आणि भिंत निर्दोष निघाली तर दोष कुणाचा हे उघडच होईल. मग निदान त्या बायकांच्या डोळ्यांत बघून बोलता येईल. मला संशयात राहायचं नव्हतं. अपमान मी सोसला असता, पण तो अपमान आहे की नाही हेच कळू नये, हे मला सोसवत नव्हतं.

मोजायचं कशानं, हा प्रश्न फार वेळ पडला नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली गोवऱ्यांचा विस्तव ठेवतात. अंगणात घमेल्यात गोवऱ्या पेटवायच्या, धूर निघून गेला, लाल निखारा राहिला की घमेलं आत आणायचं. वर ओवा, शेपा टाकायच्या. आईला शेक, मुलाला ऊब. येताना प्रत्येक घर गुंडाबरोबर गोवऱ्यांची टोपलीही आणायचं, आणि म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्या की ही खोली गोवऱ्या खाते. खाते म्हणजे किती खाते? तेच मोजायचं. दोन खोल्या, दोन घमेली, एकाच ढिगातल्या गोवऱ्या.

चाचीनं एका घरून ढीग आणला. गोवऱ्या एकाच हातानं थापलेल्या हव्यात हे मी बजावून सांगितलं होतं. कुणी शेणात कुटार, म्हणजे भुसा, जास्त घालतं, कुणी कमी, आणि जळण्यात फरक पडतो. संध्याकाळी आम्ही दोन्ही खोल्यांत सारखा विस्तव ठेवला, दारं लावली, छताजवळचे झरोके तेवढे उघडे. थर्मामीटर एकच. मी आधी एका खोलीत थांबायची, पारा स्थिर झाला की दुसरीत.

चाची दारात उभी राहून म्हणाली, "भिंतीचा ताप पाहून राह्यली का वं बेटी? तोंडात देशीन का काखेत?"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पाऱ्याकडे बघत होते. नवी खोली भराभर तापत होती. जुनी मख्ख. दिवेलागण झाली, मी परत पाहिलं, तेच. पक्क्या खोलीत चांगली ऊब आणि मातीच्या खोलीत पारा जागचा हलायला तयार नाही.

म्हणजे डॉक्टर बरोबर होते. नवी भिंत गार नव्हती, उलट जुनीपेक्षा सरसच. म्हणजे सगळ्या बायका खोटं बोलत होत्या. कुणीतरी श्रीमुखात भडकवावी तसं मला झालं. त्या पोराला वाऱ्यात नेलं ते माझ्या माठातलं पाणी नको म्हणून! मी तशीच उठले. मळ्यात जाऊन त्या सासूला चार शब्द सुनवायचेच होते. चाचीनं माझा हात धरला. म्हणाली, "सकाळी जा. रागात गेली तं वाटेत ठेच लागन, आन् मंग ठेचीवर रागावशीन." मी जेवले नाही. तिनंही जेवण झाकून ठेवलं.

सकाळी मी मळ्यात जायला निघाले. निघण्याआधी कापूस आणायला जुन्या खोलीचं दार उघडलं आणि तोंडावर ऊब आली. विस्तव केव्हाच विझला होता, घमेल्यात नुसती राख. तरी भिंतीला हात लावला तर दुपारच्या अंगणासारखी कोमट. मी धावत नव्या खोलीत गेले. तिथं काल विस्तव होता असं शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटलं नसतं. भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

मी तिथंच बाजेवर बसले. मला आईची आठवण झाली. माझ्या वहिनीच्या बाळंतपणाच्या आधी कितीतरी दिवस आई त्या खोलीत रोज शेगडी ठेवायची. आम्ही हसायचो, अजून बाळाचा पत्ता नाही आणि शेक कुणाला? आई म्हणायची, भिंतीचं पोट भरू द्या आधी, नाहीतर ती बाळंतिणीच्या वाट्याचं खाते. हे मी लहानपणापासून बघितलं होतं, आणि शिकून आल्यावर एका संध्याकाळीत निकाल लावायला निघाले होते. मातीची भिंत आधी स्वतः खाते आणि मग परत देत राहते. विटांची पातळ भिंत खात नाही, पण साठवतही नाही. आत दिलेली ऊब ती सरळ बाहेरच्या वाऱ्याला देऊन टाकते.

मी मळ्यात गेले नाही. मोजणी पुन्हा सुरू केली, या वेळी नीट. थर्मामीटरच्या नळीला मी लाल दोरा बांधला आणि ठरवलं की दोन्ही खोल्यांत पारा त्या दोऱ्यावरच ठेवायचा. खाली उतरला की विस्तव घालायचा, वर चढला की घमेलं बाहेर काढायचं. पहिले काही दिवस मोजायचंच नाही, भिंतींना खाऊ द्यायचं. त्यानंतर कोणत्या खोलीला किती टोपल्या लागतात ते बघायचं. मी आणि चाची आळीपाळीनं बसायचो. धुरानं डोळे लाल, साडीला वास. गावात बोलणं सुरू झालं की नर्सबाईला लागिर झालं, रिकाम्या खोल्यांना शेक देते. चाचीला कुणी विचारलं तर ती गंभीर चेहरा करून सांगायची, "भिंत बाळंत होऊन राह्यली."

थंडी उतरेपर्यंत आम्ही हे चालवलं. निकाल असा लागला की त्याला थर्मामीटरचीही गरज उरली नाही. एकदा भिंत पोटभर तापल्यावर जुन्या खोलीला जिथं एक टोपली पुरायची, तिथं नव्या खोलीला दोन संपवून तिसरीत हात घालावा लागायचा. रोज, न चुकता. आणि वारा उत्तरेचा असला की याहून जास्त.

भिंतच चोर होती! मला इतका आनंद झाला की मी चाचीला मिठी मारली आणि दोघींच्या अंगावरची राख एकमेकींना लागली. बायका खोटं बोलल्या नव्हत्या. खोली खरंच गार होती. पण आनंदाचा भर ओसरल्यावर लक्षात आलं की यातून अर्धंच उत्तर मिळालं आहे. भिंत दोषी निघाली म्हणून माझा माठ निर्दोष ठरला, असं थोडंच आहे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत होत्या. ते कळायला एकच मार्ग होता. भिंत गरम करायची आणि मग कोण काय म्हणतं ते ऐकायचं.

डॉक्टरांना मी हिशेब सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही भिंतींना हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पटलं. पण पक्क्या इमारतीला माती लावायला सरकार पैसा देणार नाही."

"पैसा नको. परवानगी द्या."

"परवानगी मी देऊ शकत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाहेरच्या बाजूनं काय चाललं आहे हे मला इथून दिसत नाही."

मला एवढं पुरे होतं.

आमच्याकडे पऱ्हाटीचा कुड घालतात. कापूस वेचून झाला की झाडं उपटतात, त्या वाळक्या काड्या उभ्या रोवून, आडव्या बांधून भिंत करायची आणि दोन्हीकडून मातीनं लिंपायची. मी ठरवलं की नव्या भिंतीच्या बाहेर हातभर जागा सोडून असा कुड घालायचा, मधल्या पोकळीत कुटार ठासायचं आणि वरून पांढऱ्या मातीचा जाड थर द्यायचा. पावसाळा सरल्यावर काम काढायचं. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतली माणसं म्हणाली, बाई, हातांचं आमच्याकडे लागलं. पण पऱ्हाटी आणि कुटार पाहिजे होतं ते शेतवाल्यांकडून.

मी दारोदार गेले. काहींनी दिलं, काहींनी उद्या या म्हटलं, काहींनी अंगणाच्या कडेला भारा टाकून मला लांबूनच बोटानं दाखवला. मी उचलला. मला भारा हवा होता, पाहुणचार नव्हे. शेवटी मी मळ्यात गेले. वर्ष होत आलं होतं. सून ओसरीवर बसली होती, पुन्हा दिवस गेलेले, पोट दिसत होतं. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली. सासू बाहेर आली.

मी सरळ सांगितलं. "मावशी, तुम्ही म्हणाल्या होत्या ते खरं होतं. भिंत गार हाय. म्या मोजून पाह्यली. आता ते दुरुस्त करून राह्यली. पऱ्हाटी पाह्यजे."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी भांडायला आले असणार, अशी तिची समजूत असावी. म्हणाली, "मोजली? भिंत?"

"गवऱ्यांनी मोजली. दोन खोल्या, दोन घमेले. तुमच्या खोलीनं दुपटीच्या वर खाल्लं."

तिचा चेहरा जरा हलला. नातवाची आठवण झाली असावी. मी पुढे म्हटलं, "भिंत गरम झाली तं सुनेले आणसान का?"

"आंधी गरम तं कर," ती म्हणाली. "मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी तिच्या मळ्यातून बंडीभर पऱ्हाटी आणि वर कुटाराची पोती आली. सगळ्या गावानं मिळून दिली नसेल एवढी.

कुड उभा राहिला. आमच्या वस्तीतल्या बायकांनी पायांनी चिखल तुडवला, पुरुषांनी काड्या बांधल्या. चाचीनं घरातून पिंजण्यात वाया गेलेला कापूस आणला आणि खिडकीच्या कडेच्या फटींत ठासला. पक्की इमारत बाहेरून कच्ची दिसायला लागली, म्हणून गावातले काही शहाणे नाराज झाले. आमची शोभा गेली म्हणाले. मी म्हटलं, शोभेला आत येऊन झोपायला सांगा. वारा गार झाल्यावर मी थर्मामीटरला लाल दोरा परत बांधला, भिंतीला खाऊ दिलं आणि मोजलं. नव्या खोलीनं जुनीपेक्षा चिमूटभर कमीच खाल्लं. ते बघून मला अशी झोप लागली की चाचीला येऊन उठवावं लागलं.

मग मी वाट बघत बसले. एक-दोघी आल्या. एक चार दिवस राहिली, ती वस्तीतलीच होती. दुसरी दुसऱ्या दिवशी गेली, म्हणाली घरी काम आहे. खोली गार लागते असं मात्र ती म्हणाली नाही. ते वाक्य आता कुणाला वापरता येत नव्हतं.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी मळ्याची बंडी आली. सून, सासू, गुंड, गोवऱ्यांची टोपली, सगळं मागच्यासारखंच. दुपारी मुलगी झाली. लहानशीच होती, पण हातपाय झाडत होती. मी तिला पुसून, गुंडाळून आईजवळ दिलं. खोली उबदार होती. मला माहीत होतं किती उबदार, पण मी थर्मामीटरकडे पाहिलं नाही. तो दिवस शांत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंड संपला. मी ते बघितलं, कारण मी त्याचीच वाट बघत होते. थोड्या वेळानं बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बंडी मळ्यातून आली होती, म्हणजे आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली. उत्तरेचा वारा मागच्या वर्षी होता तसाच.

सासू उठली. नेहमीचं वाक्य बोलायला तिनं तोंड उघडलं आणि थांबली. ती भिंतीजवळ गेली. आपला रुंद, राबलेला तळवा तिनं पिवळ्या चुन्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. बाजेखालच्या निखाऱ्यावर राख धरली होती. चाची दारात उभी होती.

मी विचारलं, "भिंत गार हाय का, मावशी?"

"नाई," ती म्हणाली.

"मंग बंडी काहून आणली?"

वर्षभर मी हे वाक्य सांभाळून ठेवलं होतं. रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण बोलताना आवाज साधाच निघाला. ती माझ्याकडे वळली. खोटं बोलणारी बाई नव्हतीच ती. म्हणाली, "तुले मालूम हाय काहून ते."

"हो," मी म्हटलं. "मले मालूम हाय."

एवढ्या उघडपणे ते मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला लागलं, खूप लागलं, पण संशय मात्र कायमचा मिटला. भिंतीचा वाटा भिंतीच्या पदरात आणि त्यांचा त्यांच्या. मी मुलीला नेण्यासाठी आणखी एक दुपटं काढायला वळले. वाऱ्यात न्यायचीच असेल तर निदान नीट गुंडाळून तरी.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. त्या पोरीचा आवाज मी दोन बाळंतपणांत कण्हण्याशिवाय ऐकला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "मले पानी द्या."

सासू म्हणाली, "घरी जाऊन..." आणि पुढचे शब्द तिनं गिळले. तेच शब्द तिनं मागच्या वर्षी याच खोलीत म्हटले होते, हे तिलाही आठवलं असणार.

पोरीनं सासूकडे पाहिलं नाही. ती कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होती. "मागच्या डावा तहानलीच गेलती मी," ती म्हणाली. "आता नाई जात."

मी माठावरची झाकणी काढली. पेला काठोकाठ भरला, थोडं पाणी साडीवर सांडलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्याली, सगळा. परत पुढे केला. मी पुन्हा भरला.

सासूनं तोंड भिंतीकडे केलं होतं. हात मात्र अजून भिंतीवरच होता. दुसरा पेला संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, दाराशी गेली आणि बंडीवाल्याला हाक मारली.

"बैल सोड," ती म्हणाली. "आमी आज येत नाई."